सोवळ्यातला डोळा

टिपणीस सरांची आठवण निघाली की बडोद्यातली मराठी माणसं एक विनोद हमखास सांगतात. सरांना सूर्य वाढताना दिसला, कारण काच घडियाळी पोळेतली होती. शोकसभेतही एकाने तो सांगितला आणि फुलं वाहायला आलेली माणसं तोंडावर रुमाल धरून हसली. ती काच मी दिली होती. मी तिथेच बसलो होतो. उठून बोलणारच होतो, पण काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, समोरून माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली, म्हणून बसून राहिलो. आता काकूही नाहीत. तेव्हा बोलायला हरकत नाही.

मी कोण ते आधी सांगतो. वडील रेल्वेत खलाशी, घरात खाणारी तोंडं बरीच. शाळा सुटली तसा मी मांडवीपाशी फुटपाथवर गॉगल विकायला बसलो. ओरडून विकायचो, भांडून विकायचो. पुढे एका चष्मेवाल्याच्या हाताखाली काच घासायला शिकलो, डोळा तपासायला शिकलो, आणि घडियाळी पोळेत, म्हणजे जुन्या गावातल्या एका गल्लीत, स्वतःचं दुकान टाकलं. पाटीवर वर गुजरातीत आणि खाली मराठीत लिहून घेतलं, 'शेलार चष्मेवाले. अस्सल काच. एकच भाव.' नवा चष्मा घातलेल्या गिऱ्हाइकाला मी दाराबाहेर उभं करून तीच पाटी वाचायला लावतो. भाव एकच कधीही नव्हता, हे साऱ्या पोळेला ठाऊक होतं. पण काच अस्सल होती. त्या एका शब्दावर मी दुकान चालवलं, घर बांधलं.

सर पहिल्यांदा आले ते फुटपाथच्या दिवसांत. उंच, वाळकुडे, पांढरा सदरा, आणि डाव्या डोळ्यावर हिरव्या कापडाची पट्टी. मला वाटलं, डोळा गेलेला आहे. त्यांना सगळ्यांत काळी काच हवी होती. एक तुकडा त्यांनी पसंत केला आणि म्हणाले, "ह्याच काचेचा दुसरा तुकडा आहे? एक वापरायला, एक ठेवायला." मी भाव सांगितला आणि भांडणाची तयारी करून बसलो. त्यांनी मुकाट्याने पैसे दिले. माझा तो दिवस खराब गेला. घासाघीस न करता माल नेणाऱ्या माणसाचा मला संशय येतो, आणि आपण कमी मागितलं अशी रुखरुख लागते ती वेगळीच.

पैसे घेताना मी विचारलं, "डोळ्याला काय झालं?"

"काही नाही," ते म्हणाले. "तो सोवळ्यात आहे."

सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. पण त्यांचं खरं काम घरी चालायचं. तारा आपल्याला मंद दिसतो तो लांब आहे म्हणून, सूर्य डोळे दिपवतो तो जवळ आहे म्हणून. दोघांना एकाच अंतरावर शेजारी उभं केलं तर कोण किती उजेड देईल, हा त्यांचा प्रश्न. अंतरं पुस्तकात मिळायची. दिसणारा उजेड मात्र त्यांना स्वतःच्या डोळ्याने मोजायचा होता. "पुस्तकातला आकडा म्हणजे दुसऱ्याने पाहिलेला तारा," असं म्हणायचे. त्यासाठी दुपारी अंधाऱ्या खोलीत पत्र्याला सुईने भोक पाडायचे, त्यावर माझी काळी काच लावायचे, आणि एवढ्या मोठ्या सूर्याचा एक ठिपका करायचे. आदल्या रात्री पाहिलेला तारा आठवायचा आणि ठिपका तेवढाच दिसेपर्यंत भोकं बदलत जायची. किती बारीक भोकातला सूर्य ताऱ्याएवढा झाला, त्यावरून पुढचा हिशेब. सूर्य म्हणजे एक. व्याध पंचवीस सूर्यांच्या आसपास. आणि दक्षिणेकडचा मित्र नावाचा तारा साधारण दीड. मित्र जवळजवळ आपल्या सूर्यासारखाच, म्हणून त्याच्यावर सरांचा विशेष जीव.

डोळ्याचं प्रकरणही यातूनच आलेलं. सूर्याकडे पाहिलेला डोळा उष्टा होतो, त्याने पुन्हा तारा चाखायचा नाही, असा त्यांचा नेम होता. उजवा डोळा दिवसाचा, डावा ताऱ्यांचा. सूर्य मावळला की पट्टी डावीकडून निघून उजवीकडे जायची, उजाडायच्या आत पुन्हा डावीकडे. लग्नानंतर लवकरच त्यांनी हे सुरू केलं आणि कधी मोडलं नाही. म्हणजे त्या डाव्या डोळ्याने कित्येक वर्षांत ऊन पाहिलेलं नव्हतं.

"आमच्याकडे देव ओवळ्यात चालतात," काकू म्हणायच्या, "यांचा डोळा चालत नाही."

सर तेव्हा आमच्याच पोळेत राहायचे. पोळेतल्या बायका म्हणायच्या, संध्याकाळी सर पट्टी बदलतात तेव्हा घरात दुसराच माणूस येतो. मी काकूंना हे हसत हसत सांगितलं तर त्या म्हणाल्या, "खरंच आहे ते. दिवसाचे असतात ते चहा घेतात. रात्रीचे घेत नाहीत." त्या हसल्या नाहीत, म्हणून मीही हसायचा थांबलो. पुढे मलाही तो अनुभव आला. दिवसा दुकानात येऊन माझी टिंगल करणारे सर संध्याकाळनंतर त्यांच्या अगाशीवर, गच्चीवर, भेटले की माझ्याकडे अनोळखी माणसासारखे पाहत राहायचे. मी दोन वाक्यं बोललो की मगच "अच्छा, शेलार!" म्हणायचे. त्या डोळ्याला माझा फक्त आवाज माहीत होता.

एकदा मी त्यांना धंद्यातली गोष्ट सुचवली. म्हटलं, "सर, तारा रात्रीचा, सूर्य दिवसाचा. दोघं समोरासमोर येतच नाहीत. अशा वेळी मध्ये कुणीतरी लागतो. एक दिवा घ्या. दिवसा सूर्य त्या दिव्याशी लावून बघा, रात्री तारा त्याच दिव्याशी."

"जगभर तसंच करतात," सर म्हणाले. "म्हणजे दलाल."

"दलाल म्हणा."

"दिवा लहानमोठा होतो, विजेचा दाब वरखाली होतो. माझी आठवण हलत नाही, शेलारशेठ. मला दलाल नको."

'दलाल' हा शब्द त्यांनी ज्या तऱ्हेने उच्चारला, ती तऱ्हा मी विसरलेलो नाही.

त्यांच्या पोळेतल्या घराच्या माळ्यावर ती अंधारी खोली होती. एका दुपारी त्यांनी मला तिथे नेलं. दार लावलं, फटीत चिंध्या कोंबल्या. आधी काही दिसेना. मग समोर, कुठल्या अंतरावर ते कळू नये असा, एक तारा लागला.

"हा आपला सूर्य," अंधारातून सर म्हणाले. "मित्रावरून कुणी इकडे पाहिलं तर आपण असे दिसू."

"यात बडोदं कुठे?"

"सगळं यातच. बडोदं, तुझं दुकान, तू आत्ता घेतलास तो श्वास. हा उजेड तिथे पोचायला चार वर्षांहून जास्त लागतात. तिथल्या माणसाला आजची दुपार दिसेल तेव्हा आपल्यातलं कोण असेल, कोण नसेल?"

खाली पोळेत भंगारवाला ओरडत चालला होता. कुणाच्या तरी घरात कुकरची शिटी झाली. शेजारच्या घड्याळजीकडे बाराचे ठोके पडायला लागले, एका घड्याळाचे संपले की दुसऱ्याचे. ते सगळे आवाज भिंतीपलीकडून येत होते, पण मला वाटलं ते फार पूर्वी होऊन गेलेले आहेत आणि आता फक्त येऊन पोचताहेत. खालून माझ्या दुकानातला माणूस मला हाका मारत होता, "शेठ! ओ शेठ!" गिऱ्हाईक आलं असणार. मी ओ दिली नाही. ज्याला तो हाका मारतोय तो आता इथे नाही, असं मला अगदी सरळ, शांतपणे वाटलं. खाली उतरल्यावर मी उन्हाने तापलेल्या भिंतीला हात लावून उभा राहिलो, चटका बसेपर्यंत.

पुढे सरांनी पोळेतलं घर सोडलं. मित्र बडोद्याहून दिसतो तो उन्हाळ्यात काही आठवडे, दक्षिणेला, जमिनीपासून जरासा वर. पोळेत शेजाऱ्याच्या भिंतीखेरीज दक्षिण नव्हती, त्याला पाहायला दर वेळी गावाबाहेर जावं लागायचं. म्हणून त्यांनी तरसालीला, तेव्हाच्या उघड्या शेतांच्या कडेला, दोन खोल्या बांधल्या. काकूंना तिथे बोलायला माणूस नव्हतं. "एका मित्रासाठी सगळे शेजारी सोडले," एवढंच त्या म्हणाल्या.

तरसालीहून सर वर्षातून एखाद-दोनदा दुकानात यायचे. मागणी एकच.

"याहून बारीक सुई आहे का?"

मी शिवणाची बारीक सुई दिली. पुढच्या वर्षी पुन्हा, "याहून बारीक?" मी मोत्यांच्या कामाची सुई आणून दिली. त्याच्या पुढच्या वर्षी घड्याळजीकडून काहीतरी केसासारखं मागून घेतलं. तेव्हा कळलं नाही, आता कळतं. ताऱ्याशी जुळवायला सूर्य दरवर्षी आणखी लहान करावा लागत होता. सरांची चालही बदलली होती. हिवाळ्यातसुद्धा छत्री. रस्त्याने भिंतीच्या सावलीतून, अंग चोरून चालायचे. एकदा ऐन थंडीत, स्वेटर घालून बसलेल्या मला त्यांनी हळूच विचारलं, "काल ऊन कसं वाटलं तुला?"

"छान वाटलं. का?"

"काही नाही," म्हणाले आणि सुई घेऊन गेले.

ते निवृत्त झाल्यावर मराठी मंडळींनी एका हॉलमध्ये त्यांचं व्याख्यान ठेवलं. मी नवा सदरा घालून गेलो. काच माझी होती ना! सर छान बोलले. शेवटी एका तरुण प्राध्यापकाने उभं राहून विचारलं, "सर, तुमच्या आकड्यांत सगळेच तारे वर्षागणिक उतरत गेलेत. असं कसं होईल?"

सरांनी हॉलवरून नजर फिरवली, ती माझ्यावरूनही गेली, आणि म्हणाले, "काच फिकी पडत गेली असावी. फिक्या काचेतून सूर्य जास्त दिसणारच. घडियाळी पोळेतली आहे. बाजारी काच."

हॉल हसला. दुसऱ्या दिवशी चहावाल्याने ग्लास ठेवता ठेवता पाटीकडे बोट केलं, "शेलारभाई, काच असली छे ने?" गिऱ्हाइकं गॉगल उन्हात धरून फिरवून बघायला लागली. मी एकाला तर दुकानातून हाकलून दिलं. सरांचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही, असं घरी सांगून ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यात, दुपारी, काकू दुकानात आल्या. एकट्या. फिकुटलेल्या दिसत होत्या, उन्हात न गेलेल्या माणसासारख्या.

"शेलारभाऊ, तुमचा राग रास्त आहे. तो जरा बाजूला ठेवा आणि ऐका. यांना वाटतंय सूर्य वाढतोय."

मला आधी कळेचना.

"खिडक्यांना काळा कागद लावलाय. छपरावर ओली गोणपाटं. दिवसा बाहेर जायचं नाही, मीही नाही. आज ते झोपलेत म्हणून आले." त्या खुर्चीच्या कडेला बसल्या. "तुमची काच फिकी पडलेली नाही. ते त्यांनाही माहीत आहे."

"मग हॉलमध्ये माझी अब्रू कशाला घेतली?"

"ते त्यांनाच विचारा. मला त्यांच्याशी घासाघीस जमत नाही, तुम्हाला जमते." मग खाली बघून म्हणाल्या, "खरं सांगू? परवा कपडे वाळत घालायला दोन मिनिटं बाहेर गेले, तर मलाही ऊन जास्त वाटलं. यांच्या वेडाची भीती नाही वाटत मला. आपण त्यात चाललोय, याची वाटते."

मी दुकान बंद करून त्यांच्याबरोबर तरसालीला गेलो. काकूंची काळजी होती. पण खोटं कशाला सांगू, मला माझं उत्तर हवं होतं.

घरात भर दुपारी अंधार होता. कागदाच्या एका फटीतून उजेडाची रेघ आली होती आणि तिच्यापासून दूर, भिंतीला टेकून सर बसले होते. दोघंही कुजबुजत्या आवाजात बोलायचे, बाहेर कुणी ऐकत असल्यासारखे. मी मुद्दाम मोठ्याने बोललो.

"माझी काच फिकी आहे?"

सरांनी हात लांब करून एक डबी पुढे केली. आत कापसात तो दुसरा तुकडा होता, ठेवायला म्हणून नेलेला. "दोन्ही शेजारी धरून पाहिले. फरक नाही. तुझी काच स्वच्छ आहे."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी काय सांगायचं होतं? माणसं पोरंबाळं घेऊन आली होती." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "विचार कर, शेलार. सगळे तारे एकदम मंद होतील का? कुणाचा उजेड चार वर्षांपूर्वी निघालेला, कुणाचा शंभर वर्षांपूर्वी. ते आपसांत ठरवून नाही उतरणार. काचही तीच आहे. मग एवढंच राहतं. एक वाढतोय."

"कोण एक?"

"एक! सूर्य म्हणजे एक. तो एकच मोठा होत चाललाय. मापच वाढतंय."

बाहेर मेचं ऊन होतं. त्या क्षणी छपराचा पत्रा तापून टण्ण वाजला आणि माझ्या अंगावर काटा आला. त्यांच्या बोलण्यात मला खोट सापडेना. सापडला तो फक्त माझा राग, आणि रागाने मला आयुष्यात बऱ्याच वेळा वाचवलं आहे.

"सर, सूर्याचं मला काही कळत नाही," मी म्हटलं. "पण सौदा फसला की मी तीन गोष्टी बघतो. माल, काटा, आणि काट्याकडे बघणारा. माल तपासलात, काटा तपासलात. बघणारा राहिला. पट्टी काढा."

"दिवसा? वेडा आहेस का? तो डोळा सोवळ्यात आहे. त्याला काय होणार?"

"इथे दिवस आहे कुठे?" काकू म्हणाल्या. "दाखवा हो त्यांना."

सरांनी पट्टी वर केली. मी गुडघे टेकून जवळ गेलो. हजारो डोळे मी पाहिलेत, पण तसा नाही पाहिला. भोवतालची कातडी पांढरी, मऊ, एकही सुरकुती नाही. म्हाताऱ्या चेहऱ्यात तरुण माणसाची जागा राखून ठेवावी तशी. आणि मधोमध, जिथे काळंभोर असायला हवं, तिथे राखेसारखी साय. तो डोळा माझ्याकडे पाहत होता आणि त्यात ओळखीची काही खूण नव्हती.

"मोतीबिंदू आहे," मी म्हणालो. "बऱ्याच वर्षांचा. या डोळ्याने तुम्ही कधी अक्षर वाचत नाही, माणूस बघत नाही. धूसर झालं हे कळणार कसं?"

सरांनी पट्टी खाली ओढली. "काचवाल्याला मोतीबिंदूच दिसणार. तुला गिऱ्हाईक हवंय."

"अहो!" काकू पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या.

मी दारापर्यंत गेलो होतो. तिथून परत फिरलो. गिऱ्हाईक उठून जातं तेव्हा शेवटचा भाव सांगायचा असतो.

"ठीक आहे. सोवळं मोडू नका. आज रात्री मित्र दिसेल तेव्हा डाव्यावरची पट्टी तशीच ठेवा आणि उजव्याने बघा. ओवळ्याने. पहिल्या वर्षीच्या भोकातल्या ठिपक्याएवढा दिसला तर त्याच हॉलमध्ये उभं राहून सांगायचं, काच अस्सल होती."

"आणि नाही दिसला तर?"

"तर उद्या मी माझ्या घराच्या खिडक्यांना काळा कागद लावतो."

सरांनी उठून पलंगाखालून एक गंजका पत्रा काढला, पहिल्या वर्षीचा, काच त्यावर धरली आणि कागदाच्या फटीशी जाऊन उजव्या डोळ्याने ठिपका पाहून घेतला. "कबूल," म्हणाले. आमच्या इतक्या वर्षांच्या ओळखीतला हा त्यांचा पहिला सौदा.

जेवणं झाल्यावर आम्ही तिघं शेताच्या कडेला उभे राहिलो. मकरपुऱ्याच्या बाजूला कारखान्यांचे दिवे होते, पण दक्षिणेला अजून काळोख होता. बाभळींच्या शेंड्यांवर, धुळीच्या थोडा वर, मित्र आला होता. मला तर तो पूर्वीपेक्षा मंदच वाटला. सरांचा हात सवयीने पट्टीकडे गेला, उजवीकडे सरकवायला. काकूंनी मनगट धरलं.

ज्या डोळ्याने तरुणपणानंतर एकही तारा पाहिला नव्हता, त्या डोळ्याने सर पाहू लागले. कुठेतरी एक कुत्रं रडत होतं, तेही थांबलं. त्यांनी डोळा मिटला, दुपारचा ठिपका आठवला, पुन्हा उघडला. मग मान मागे टाकून डोक्यावरची स्वाती पाहिली. पुन्हा मित्र.

"किती?" काकूंनी विचारलं.

"थांब."

आणखी काही वेळ गेला.

"पहिल्या वर्षीचाच आहे," सर म्हणाले. आणि मग, वर्गात उत्तर सांगावं तसं, "एक एकच आहे."

मला वाटलं होतं, ते हसतील, सुटल्यासारखे होतील. ते जमिनीवर बसले.

"मग इतकी वर्षं मी विझताना काय पाहत होतो?"

काकूही त्यांच्याशेजारी खाली बसल्या.

"म्हणजे अंधार इकडून चालला होता," ते स्वतःशीच म्हणाले. "तिकडून नाही."

सकाळी काकूंनी काळे कागद फाडले. शेजारच्या शेतातली बेन सांगत होती, "काकी तर होळी असल्यासारख्या जाळत होत्या."

माझा सौदा मात्र राहिला. हॉलचं काय, असं मी विचारलं की सर म्हणायचे, पावसाळा होऊ दे. पावसाळ्यानंतर म्हणाले, ऑपरेशन होऊ दे. ऑपरेशन झालं. त्या काळी मोतीबिंदू काढल्यावर भिंगासारखा जाड चष्मा लागायचा. डॉक्टरांनी नंबर दिला आणि सर हट्टाने माझ्याकडेच आले. पण आले ते दुपारी, दुकान रिकामं असताना. मला तेही लागलं. चार माणसं असती तर काय बिघडलं असतं?

काच मी स्वतः घासली होती. उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून मी त्यांना चष्मा चढवला. दारातून ऊन आत आलं होतं आणि त्या उन्हात तो डावा डोळा, भिंगामागे प्रचंड मोठा झालेला, माझ्यावर येऊन थांबला.

"तू शेलार?"

"हो, सर."

"आवाज तोच आहे," ते म्हणाले. "माणूस वेगळाच वाटतो."

मग ते काकूंकडे वळले. त्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सर पाहतच राहिले. त्या डोळ्याने त्यांना उन्हात शेवटचं पाहिलं ते लग्नानंतरच्या दिवसांत.

"हिचे केस कधी..." एवढंच बोलले.

"दुसऱ्याने पाहिलंय सगळं," काकू म्हणाल्या. "त्याला विचारा." विनोदाने म्हणाल्या, पण म्हणता म्हणता त्यांनी पदर डोक्यावरून ओढून घेतला. मी त्यांना कधी डोक्यावर पदर घेतलेला पाहिला नव्हता.

मी काउंटर पुसत राहिलो. थोड्या वेळाने सर हलक्या आवाजात म्हणाले, "काच चांगली होती, शेलार."

"हे हॉलमध्ये सांगायचं होतं, सर."

"सांगतो."

ते सांगायचं राहिलं. त्या थंडीतच ते गेले, आणि विनोद मागे राहिला.

पण त्या दुपारचं एक सांगायला हवं. दोघं दुकानातून उतरले. पोळेत पुन्हा वर्दळ सुरू झाली होती. सर रस्त्याच्या मधोमध थांबले, वळले, उजव्या डोळ्यावरच्या पट्टीवर वरून तळवाही दाबून धरला आणि माझ्या पाटीकडे पाहायला लागले. परगावच्या माणसाने नवं गाव वाचावं तसे. मागून स्कूटरवाला ओरडला, "ओ काका, साइडमा!" ते हलले नाहीत. मग शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा वर्गातल्या आवाजात त्यांनी वाचलं, "शेलार चष्मेवाले."

माणसं थांबली. घड्याळजी दारात आला.

"अस्सल काच," सर म्हणाले. आणि पुन्हा, आणखी मोठ्याने, "अस्सल काच."

नवा चष्मा लावून ती पाटी दोनदा वाचणारी गिऱ्हाइकं मी रोज बघतो. तेव्हा ते चष्मा तपासत होते की सौदा पुरा करत होते, हे मी आजही सांगू शकत नाही. चहावाल्याला विचारलं तर तो म्हणतो, काका डोळा बघत होते. पण खालची 'एकच भाव' ही ओळही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत आहे, आणि ती त्यांनी वाचली नाही.

मी विचारायला पायऱ्या उतरलो. तोवर काकूंनी त्यांचा हात धरला होता आणि दोघं चालायला लागले होते. पोळेची सावलीची बाजू सगळी मोकळी होती, तरी ते उन्हाच्या बाजूने गेले.